आठच्या पाळीसाठी घर कधी सोडायचे?

सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या एका अधिकाऱ्यांनी पुढील प्रश्न विचारला आहे. त्यांच्या कारखान्यात सुमारे तीनशे कामगार आहेत. कंपनीची बस सुरू करायची म्हणून त्यांनी सर्वांकडून एक फॉर्म भरून घेतला, आणि त्यात 'कामावर पोचायला किती वेळ लागतो?' एवढाच प्रश्न होता. उत्तरांची सरासरी ३५ मिनिटे आली. त्यावरून सव्वासातला रेल्वे स्टेशनजवळून बस सोडली तर आठची पाळी आरामात गाठता येईल, असा त्यांचा हिशेब आहे. मात्र ३५ मिनिटांच्या अंतरावर राहणाऱ्या माणसांना दर महिन्याला इतके लेट मार्क का पडतात, हे कोडे त्यांना सुटत नाही, आणि बस आल्यावर ते पडायचे थांबतील का, अशी शंकाही आहे.

बस जरूर सुरू करावी, परंतु या आकड्याच्या भरवशावर तिची वेळ ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाहतुकीच्या पाहण्या करण्यात माझी वीस वर्षांहून अधिक काळ गेली आहेत, आणि त्या अनुभवावरून सांगतो की 'किती वेळ लागतो' हा प्रश्न एकटा विचारला की उत्तर जवळजवळ नेहमीच कमी येते. 'घरून किती वाजता निघता' आणि 'गेटवर किती वाजता पोचता' या दोन वेळा घड्याळाप्रमाणे विचारून वजाबाकी आपण करायची असते. ती वजाबाकी कामगारावर सोपवली की तो मनातल्या मनात तिची काटछाट करतो.

ही काटछाट दोन प्रकारे होते. पहिला प्रकार म्हणजे आकडा ढोबळ करणे. माणसे पंधरा, वीस, अर्धा तास, पाऊण तास अशाच भाषेत वेळ सांगतात. सदतीस मिनिटे लागतात असे सांगणारा माणूस मला क्वचितच भेटला. आपल्या तीनशे फॉर्मचा आलेख काढून पाहा, वीस, तीस आणि पंचेचाळीसवर उंच मनोरे दिसतील आणि मधली जागा रिकामी असेल. दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे. माणूस प्रवास म्हणजे वाहनात बसलेला वेळ असे धरतो. चौकापर्यंतची चाल, वडाप (सीट भरल्यावरच सुटणारी शेअर गाडी) भरेपर्यंतचे ताटकळणे, वाहन बदलणे आणि उतरल्यावर फाट्यापासून गेटपर्यंतची पायपीट यांना तो प्रवास समजतच नाही.

शहराच्या दुसऱ्या बाजूच्या कुंभारी गावाहून चिंचोळीला येणाऱ्या एका कामगाराबरोबर मी एकदा घरापासून गेटपर्यंत गेलो होतो. त्यांनी फॉर्मवर 'एक तास' लिहिले होते. सकाळी ६.०५ ला त्यांनी घराला कडी घातली. अक्कलकोट रस्त्यावरच्या फाट्यावर आम्ही ६.१७ ला पोचलो. वडाप उभे होते, पण दोन सीट रिकाम्या असल्याने ते ६.२९ ला हलले. अशोक चौकात ६.५० ला उतरलो. तिथे शेअर रिक्षा भरून सुटायला ६.५७ झाले आणि पुणे नाक्यावर ती ७.१४ ला आली. नाक्यावर पुन्हा तेरा मिनिटे उभे राहून ७.२७ ला दुसरे वडाप मिळाले, त्याने ७.४५ ला चिंचोळी फाट्यावर सोडले आणि चालत चालत ७.५४ ला त्यांनी मशीनवर बोट टेकवले. एकूण १०९ मिनिटे. यातला वाहनात बसलेला वेळ ५६ मिनिटांचा, वाट पाहण्याचा ३२ मिनिटांचा आणि चालण्याचा २१ मिनिटांचा. फॉर्मवर लिहिलेला 'एक तास' खोटा नव्हता. चाकांवर गेलेला वेळ त्यांनी प्रामाणिकपणे सांगितला होता. ती सहा मिनिटे आधी पोचण्याची पुंजी हाताशी ठेवण्यासाठी ते रोज पाच वाजता उठत होते, हे मात्र फॉर्मवरच्या कोणत्याही रकान्यात बसले नसते.

आपल्या बाबतीत अर्धे काम आधीच झालेले आहे. पोचण्याची वेळ हजेरीच्या मशीनमध्ये रोज नोंदली जातेच, त्यामुळे कामगारांना फक्त घर सोडल्याची वेळ विचारावी लागेल. 'नेहमी' किती वाजता निघता असे विचारू नका, कारण 'नेहमी' या शब्दाला माणूस आपला चांगला दिवस सांगतो. 'आज' किती वाजता निघालात असे विचारा, आणि सलग दोन आठवडे विचारा. मशीनवरच्या वेळेतही एक खाचखळगा आहे. काही जण ७.३५ लाच पोचलेले दिसतील आणि त्यांना वेळेचा प्रश्न नाही असे वाटेल. त्यांच्याशी बोलल्यावर कळते की त्यांच्या भागातून सुटणारे पुढचे वडाप त्यांना आठ वाजून दहा मिनिटांनी आणून सोडते. गेटबाहेर चहाच्या टपरीवर काढलेली ती पंचवीस मिनिटे त्यांच्या प्रवासाचाच भाग आहेत. ती त्यांनी मजेसाठी घालवलेली नाहीत.

आता सरासरीकडे वळतो, कारण लेट मार्कचे कोडे तिथेच सुटते. समजा एका कामगाराला दहा दिवसांत अनुक्रमे ३०, ३०, ३२, ३१, ३०, ३३, ३०, ४८, ३१ आणि ५५ मिनिटे लागली. बेरीज ३५० होते आणि सरासरी बरोबर ३५. हा मनुष्य सावध असेल तर सरासरीत पाच मिनिटे मिळवून ७.२० ला घर सोडेल. तरीही दहापैकी दोन दिवस तो आठनंतर पोचेल. महिन्यात कामाचे २६ दिवस धरले तर पाच लेट मार्क होतात, आणि तीन लेट मार्कला अर्ध्या दिवसाचा पगार कापण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. दहापैकी नऊ दिवस वेळेवर यायचे असेल तर त्याला ४८ मिनिटांचा हिशेब धरून ७.१२ ला निघावे लागेल, आणि दहाही दिवस यायचे असेल तर ७.०५ ला. म्हणजे लेट मार्क आळसाने पडत नाहीत. ते त्या दोन वाईट दिवसांमुळे पडतात, आणि सरासरी त्या दोन दिवसांना आपल्या पोटात घेऊन दिसेनासे करते. म्हणून आपण सरासरीऐवजी वाईट दिवसांचा आकडा काढावा: शंभर प्रवासांपैकी नव्वद प्रवास किती मिनिटांच्या आत पूर्ण झाले, तो आकडा. बसची वेळ त्यावर ठरवावी.

वाईट दिवस कशाने होतात हे सोलापुरात राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको, तरी पाहणी करताना ते लिहून ठेवावे लागतात. उसाचा हंगाम सुरू झाला की दिवाळीच्या सुमारापासून मार्चपर्यंत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, आणि त्यांच्या मागे अडकलेल्या दुचाकीस्वाराचा वेग ट्रॅक्टरच्या वेगाइतकाच असतो. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची आवक वाढली की हैदराबाद रस्त्यावर मार्केट यार्डाच्या बाजूला मालट्रकांच्या रांगा लागतात, आणि पूर्व भागातून निघणाऱ्यांना त्याचा फटका बसतो. संक्रांतीच्या दिवसांत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी शहरातले रस्ते वळवले जातात. ही कारणे वर्षातल्या ठरावीक काळातली असल्याने त्यांची तजवीज आधी करता येते.

रोजच्या कोंडीचे गणित निराळे आहे, आणि ते समजून घेतले तर पाच मिनिटे आधी निघण्याला एवढे महत्त्व का आहे ते लक्षात येते. रस्त्यावरची गर्दी आणि लागणारा वेळ एकाच प्रमाणात वाढत नाहीत. अमेरिकेत १९६४ साली रूढ झालेले आणि आजही वाहतूक नियोजनात वापरले जाणारे एक साधे सूत्र असे सांगते की रस्त्यावरची वाहने त्याच्या क्षमतेइतकी झाली, तर मोकळ्या रस्त्यावर लागणाऱ्या वेळेच्या १५ टक्के वेळ जास्त लागतो. पण वाहने क्षमतेच्या दीडपट झाली की हीच वाढ सुमारे ७६ टक्क्यांवर जाते. म्हणजे दहा मिनिटांच्या रस्त्याला आधी साडेअकरा मिनिटे लागतात आणि पुढे साडेसतरा. आपल्याकडे दुचाकी, रिक्षा, बस आणि बैलगाडी एकाच रस्त्यावर चालत असल्याने नेमके आकडे वेगळे येतात, परंतु वक्ररेषेचे वळण तेच राहते: बराच वेळ काही जाणवत नाही आणि मग एकदम अंगावर येते. सात रस्ता किंवा अशोक चौकातून रोज जाणाऱ्याला हे सूत्र माहीत नसते, पण 'साडेसातच्या आत चौक ओलांडला तर बरे, नाहीतर अडकलोच' हे त्याला पक्के माहीत असते. त्याचे हे वाक्य जसेच्या तसे लिहून घ्या. कोणत्या चौकात किती वाजता पारडे फिरते, याची इतकी नेमकी माहिती आपल्याला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने मिळणार नाही.

निघण्याची वेळ रस्त्यावर जितकी अवलंबून असते तितकीच ती घरावर असते, आणि आपल्या शहरात ती पाण्यावर असते. सोलापुरात वर्षानुवर्षे नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येते, आणि भागाभागांत त्याची वेळ वेगळी असते. पाण्याचा दिवस आणि पहिली पाळी एकाच सकाळी आली, तर घरातल्या कोणाला तरी पाणी भरून होईपर्यंत बाहेर पडता येत नाही, आणि ते 'कोणीतरी' बहुतेक वेळा घरातली बाईच असते. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणच्या महिला कामगारांच्या उशिराच्या तारखा मी त्या त्या भागातल्या पाण्याच्या तारखांशेजारी मांडल्या होत्या. व्यवस्थापनाला तोवर हा शिस्तीचा प्रश्न वाटत होता. दोन्ही तारखा शेजारी पाहिल्यावर पर्यवेक्षकांनी स्वतःच तो विषय सोडून दिला. म्हणून आपल्या फॉर्ममध्ये 'आज पाण्याचा दिवस होता का?' हा एक रकाना अवश्य ठेवा. त्याच्याशेजारी 'वाटेत कोणाला सोडले का?' हाही ठेवा. मुलाला शाळेत किंवा अंगणवाडीत सोडून मग फाट्यावर येणाऱ्या बाईचा प्रवास सरळ रेषेत नसतो. अंगणवाडीचे दार उघडण्याच्या आधी तिला निघताच येत नाही, मग बस कितीही लवकर सोडा.

कुंभारीचा उल्लेख मी केवळ उदाहरणापुरता केलेला नाही. तिथे आधी विडी कामगारांसाठी दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, आणि नंतर असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प उभा राहिला, ज्यातल्या पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आला. स्वतःचे पक्के घर मिळणे ही त्या कुटुंबांसाठी फार मोठी गोष्ट आहे, आणि त्या घरांसाठी लोकांनी वर्षानुवर्षे लढा दिला आहे. प्रवासाच्या दृष्टीने मात्र असे झाले की घर शहराबाहेर गेले आणि काम बरेचसे होते तिथेच, पूर्व भागातल्या यंत्रमागांवर, पेठांमधल्या दुकानांत, अक्कलकोट रस्त्याच्या आणि चिंचोळीच्या एमआयडीसीत राहिले. एके काळी याच्या अगदी उलट होते. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाल्यापासून पुढची कित्येक दशके गिरण्यांच्या भोवतीच चाळी होत्या, आणि भोंगा झाला की माणूस घरातून निघून चालत पाळीवर पोचत असे. तेव्हा निघण्याची वेळ सगळ्या मोहल्ल्याची एकच होती आणि ती भोंगा सांगत असे. आज ती प्रत्येकाची वेगळी आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ती वडापवाल्याच्या रिकाम्या सीटवर ठरते. महापालिकेच्या परिवहन सेवेच्या बस आता इतक्या थोड्या उरल्या आहेत की त्यांच्या वेळेवर पहिली पाळी गाठण्याचा विचारही फारसे कोणी करत नाही.

तयार सरकारी आकडेवारी का वापरू नये, असेही विचारले जाते. वापरावी, पण तिची मर्यादा ओळखून. २०११ च्या जनगणनेत घरगुती उद्योगातले आणि शेतीतले कामगार वगळता इतरांना घर ते कामाच्या जागेचे अंतर आणि प्रवासाचे साधन विचारले गेले. निघण्याची वेळ आणि लागणारा कालावधी मात्र विचारला नव्हता. राष्ट्रीय पातळीवरच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत पहाटे चार ते दुसऱ्या दिवशीच्या पहाटे चारपर्यंतच्या चोवीस तासांत माणसाने काय केले ते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणांत नोंदले आहे, आणि कामासाठीच्या प्रवासाचा त्यात वेगळा संकेतांक आहे. परंतु चिंचोळीच्या गेटसाठी अर्ध्या तासाचा खण फार मोठा आहे. तुलनेसाठी सांगायचे तर अमेरिकेच्या जनगणना विभागाकडून कामावर जायला किती मिनिटे लागतात हे १९८० पासून आणि घर किती वाजता सोडता हे १९९० पासून विचारले जाते. २०१९ मध्ये तिथली एका बाजूच्या प्रवासाची सरासरी २७.६ मिनिटे होती. तिथे बहुतेक माणूस दारातल्या स्वतःच्या मोटारीत बसतो आणि कंपनीच्या आवारात उतरतो, त्यामुळे त्याच्या उत्तरात चाल आणि वाट पाहणे जवळपास नसतेच. तो आकडा आपल्या ३५ मिनिटांशेजारी ठेवून 'आपले फार काही वाईट नाही' असा निष्कर्ष कृपया काढू नये.

घरी विड्या वळणाऱ्या हजारो बायका या कोणत्याच हिशेबात नीट येत नाहीत. त्यांचे काम घरात असले तरी तयार विड्या देऊन पान-तंबाखू आणण्यासाठी त्यांना कारखान्यापर्यंत खेप करावीच लागते, आणि घर कुंभारीला गेले की ती खेप लांबते. आपल्या कारखान्याचा हा विषय नाही, पण फाट्यावरच्या पहिल्या वडापात आपल्या कामगारांच्या शेजारच्या सीटवर बहुधा याच बायका बसलेल्या असतात, म्हणून बसची गरज मोजताना फाट्यावरची गर्दी केवळ आपल्याच माणसांची आहे असे समजू नका.

आता बसबद्दल. सव्वासातला स्टेशनवरून बस सुटणार असेल, तर कुंभारीच्या आमच्या सोबत्याला तिथे पोचण्यासाठी आजच्याइतकेच लवकर उठावे लागेल. त्याचे शेवटचे एक वडाप वाचेल, पहिले दोन टप्पे तसेच राहतील. स्टेशन हे शहराचे मध्य असले तरी आपल्या कामगारांचे मध्य तेच असेल असे नाही. दोन आठवड्यांच्या नोंदींतून जे कामगार सर्वांत आधी घर सोडतात त्यांची नावे वेगळी काढा आणि नकाशावर त्यांची घरे टाका. बस तिथून सुरू झाली पाहिजे. माझा अंदाज असा की आपल्याला एक मोठी बस स्टेशनवरून सोडण्यापेक्षा दोन लहान गाड्या अधिक उपयोगी पडतील: एक कुंभारी फाट्यावरून अक्कलकोट रस्त्याने पूर्व भाग घेत येणारी, आणि दुसरी जुळे सोलापूर, विजापूर रस्ता करून केगाव-हत्तूर बाह्यवळणाने थेट पुणे महामार्गाला लागणारी, म्हणजे शहरातले चौक तिला लागणारच नाहीत. दुचाकीवाले बसमध्ये येतील असे गृहीत धरू नका. ज्यांचे घर ते गेट थेट अंतर अर्ध्या तासात कापले जाते, ते पावसाळा सोडला तर गाडीच काढतात.

याहून स्वस्त उपाय पाळीच्या वेळेत आहे, आणि त्यावर व्यवस्थापन क्वचितच विचार करते. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विक्री यांनी १९६९ मध्ये कोंडीचे जे गणित मांडले, त्याचा गाभा असा की अरुंद जागेतून सर्वांना एकाच वेळी पलीकडे जायचे असेल तर प्रत्येक जण दोन तोट्यांमध्ये निवड करत असतो, रांगेत उभे राहण्याचा तोटा किंवा फार लवकर अथवा उशिरा पोचण्याचा तोटा. आणि या निवडीतूनच निघण्याच्या वेळा पसरत जातात. वसाहतीतल्या बहुतेक कारखान्यांची पहिली पाळी आठला किंवा त्याच्या आसपास सुरू होत असेल तर फाट्यावरची पंधरा मिनिटांची गर्दी आपणच तयार करत असतो. आपल्या तीन विभागांपैकी एकाची पाळी ७.४०, दुसऱ्याची ८.०० आणि तिसऱ्याची ८.२० अशी केली तर वडाप, रिक्षा आणि आपली लहान बस यांना दोन खेपा मिळतात. ज्या विभागात मुले लहान असलेल्या बायका जास्त आहेत, त्यांना ८.२० द्यावी. यंत्रांच्या साखळीमुळे हे सगळीकडे जमत नाही, याची मला कल्पना आहे. पॅकिंग, तपासणी आणि भांडार या विभागांत ते बहुधा जमते.

परतीच्या वेळा नोंदण्याचा आग्रह मी धरणार नाही. संध्याकाळी माणसे बाजार करतात, नातेवाइकांकडे जातात, मुलाला शिकवणीवरून घेतात, आणि त्या नोंदींतून बसची वेळ ठरवण्याइतका अर्थ निघत नाही. रात्रपाळीच्या महिला कामगार असतील तर गोष्ट वेगळी; त्यांच्यासाठी घराच्या दारापर्यंत वाहन हा कायद्याच्या आणि सुरक्षिततेच्या बाजूने पाहण्याचा विषय आहे, सरासरीचा नाही.

नोंदींसाठी फेब्रुवारीचा दुसरा आणि तिसरा आठवडा घ्या, म्हणजे गड्डा यात्रा संपलेली असेल पण ऊस चालू असेल आणि शाळाही चालू असतील. मेमध्ये शाळा बंद असतात आणि उन्हामुळे जो तो सकाळी लवकर बाहेर पडतो, त्या नोंदींवर वर्षभराचे वेळापत्रक बांधू नये. वेळापत्रक कागदावर तयार झाल्यावर ते लावण्याआधी आपल्या विभागातल्या एकाने सलग सहा दिवस कुंभारी फाट्यावरून, पाण्याचा दिवस धरून, तिकिटाचे पैसे स्वतः देऊन, वडापने गेटपर्यंत यावे आणि प्रत्येक थांब्यावरची वेळ वहीत लिहावी. बस किती वाजता सोडायची हे त्या वहीवरून ठरवा.